गाळावर निजलेली वाइन

नाँत (फ्रान्स), २४ फेब्रुवारी

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. तुमच्याकडे द्राक्षांची तोडणी ऐन भरात असणार, तेव्हा हे पत्र तू बांधावर बसून वाचशील की रात्री हिशेब आटोपल्यावर, कोण जाणे. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे. तू जे विचारले आहेस त्याचे उत्तर पुस्तकातून काढून देणे मला प्रशस्त वाटेना. इथल्या वाइन करणाऱ्या ज्या घराशी माझा गेली चार वर्षे घरोबा आहे, त्यांच्या तळघरात पुन्हा एकदा जाऊन मगच लिहावे असे ठरवले होते, आणि तो योग गेल्या शनिवारी आला.

तुझा प्रश्न असा की, दोन एकरांतल्या शेनिन ब्लाँची सगळी द्राक्षे कंपनीला घालण्याऐवजी त्यातली थोडी स्वतः आंबवायची झाली, तर ओकची पिंपे घेतल्यावाचून चांगली पांढरी वाइन होत नाही असे जो तो सांगतो, ते कितपत खरे आहे. परवान्याचे तू पाहतोच आहेस, म्हणून मी फक्त पिंपांविषयी लिहितो. ते खरे नाही. मात्र पिंपाच्या जागी जे लागते ते पिंपापेक्षा स्वस्त पडेलच, असेही मी म्हणणार नाही.

नाँतहून क्लिसोंकडे जाणारी ट्राम-ट्रेन पकडली की थोड्याच वेळात शहर आणि ल्वार नदी मागे पडते आणि सेव्र व मेन या दोन लहान नद्यांच्या मधला उंचसखल मुलूख सुरू होतो. म्युस्कादे सेव्र ए मेन ही वाइन इथली. १९३६ पासून या नावाला आणि त्याच्या हद्दीला कायद्याचे संरक्षण आहे. नावावरून तुला मस्कत द्राक्षाची आठवण होईल, पण त्या सुगंधी द्राक्षाशी हिचा काडीचाही संबंध नाही. द्राक्ष आहे मेलों द बूर्गोन्य, म्हणजे मूळचे दूर पूर्वेकडच्या बर्गंडीचे, आणि स्वभावाने इतके साधे की घड हातात घेऊन मणी चाखला तर तू दुसऱ्याला हात लावणार नाहीस. १७०९ च्या हिवाळ्यात या भागातल्या बागा गोठून मेल्या, आणि थंडी सोसणारे म्हणून हे द्राक्ष नव्याने सर्वत्र लावले गेले. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी साधीच पांढरी वाइन हवी असे, त्यामुळे द्राक्षाच्या साधेपणाचे कोणाला दुःखही नव्हते.

ज्या घरी मी जातो ते बाप-लेकीचे घर आहे. वडील पंचाहत्तरीचे, मुलगी चाळिशीची. कारभार तिचा आणि टीका वडिलांची. कायम नोकरीला एकच माणूस आहे. इथे मांडव नसतो. कमरेच्या उंचीच्या तारांवर वेली बांधलेल्या असतात आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी असते, हे मी वडिलांना प्रथम सांगितले तेव्हा मी त्यांची थट्टा करतो आहे असेच त्यांना वाटले होते. पण खुंटाचे, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्याचे, नाव काढताच त्यांचे डोळे चमकले, कारण तुझ्या डॉगरिज खुंटावरच्या वेलींप्रमाणे त्यांच्याही वेली अमेरिकन खुंटावरच कलम केलेल्या आहेत. मुळांवरच्या फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात इथल्या बागा खाल्ल्या, तेव्हापासूनची ही तजवीज. आणि हो, तोडणी यंत्राने होते. टोपल्या, गाणी, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया असे काही तुझ्या डोळ्यांपुढे असेल, तर ते पुसून टाक.

आता मुद्द्याचे सांगतो. त्यांच्या तळघरात, खरे तर गोदामातच, तुला टाकी दिसणार नाही, कारण तू टाक्यांवरच उभा असतोस. जमिनीत काँक्रीटचे हौद खोदलेले आहेत, आतून काचेच्या फरशा बसवलेल्या आहेत आणि वर फक्त झाकणे दिसतात. मुलीने एक झाकण उचलले, काचेची लांब नळी आत सोडली आणि माझ्या पेल्यात जे ओतले ते तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, गढूळ होते. सप्टेंबरात रस आंबला. आंबवण संपल्यावर मेलेले यीस्ट तळाशी बसले. आपण ज्याला गाळ म्हणून ओतून देऊ, त्याच गाळावर ही वाइन अख्खा हिवाळा न हलवता, दुसऱ्या भांड्यात न काढता ठेवतात. बाटलीवर ‘स्यूर ली’ असे शब्द असतात, त्यांचा अर्थ एवढाच की गाळावर. ते शब्द छापायचे असतील तर वाइन पुढच्या मार्चपूर्वी बाटलीत भरता येत नाही, आणि जिथे आंबवली तिथेच, थेट गाळावरून काढून भरावी लागते.

यात होते काय, ते तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. राहुरीला कृषी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात तूच मला पास केले होतेस. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, विरघळतात, आणि त्यांतून जे बाहेर पडते त्याने पाण्यासारख्या पातळ वाइनला अंग येते. गाळ प्राणवायू शोषून घेतो, म्हणून ती काळवंडत नाही, शिळी होत नाही. शिवाय हलवाहलव नसल्यामुळे आंबवणातला थोडा कार्बन डायऑक्साइड आतच विरघळून राहतो, आणि बाटली उघडल्यावर जिभेच्या टोकाला अगदी बारीक चुणचुण होते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातला आंबटपणा, जिवाणूंकरवी सौम्य करून घेण्याची जी पायरी पुष्कळ ठिकाणी असते, ती इथे बहुधा वगळतात. ही वाइन करकरीत लागते ती त्यामुळे. गोडवा शून्य, मद्यार्क साधारण १२ टक्के.

ही रीत सापडली कशी, याची त्या भागात एक गोष्ट सांगतात. घरातल्या लग्नासाठी सगळ्यांत चांगले पिंप बाजूला काढून ठेवायचे, विकायचे नाही, अशी पद्धत होती. लग्न लांबले की पिंप तसेच गाळावर पडून राही, आणि अखेर उघडले की त्यातली वाइन बाजारात गेलेल्या वाइनपेक्षा सरस निघे. वडिलांनी ही गोष्ट मला आतापर्यंत सहा वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी लग्न वेगळ्या मावशीचे असते.

चव कशी, असेही तू विचारले आहेस. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या घोटाला काहीच हाती लागत नाही. सोविन्याँ द्राक्षाच्या वाइनसारखा वास अंगावर धावून येत नाही. मग आंबटपणा कडेने चढतो, गालफडे आवळतात, आणि घोट गेल्यावर मागे जे उरते ते मला तरी धुऊन भिंतीला उभ्या केलेल्या पाट्याच्या वासासारखे वाटते, आणि किंचित खारट. मुलगी म्हणते, हा खडकाचा गुण. गोर्ज गावाखाली गॅब्रो आहे, क्लिसोंखाली ग्रॅनाइट. गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टचा सख्खा भाऊच; घडण तीच, फक्त आपला लाव्हा वर येऊन भराभर निवाला आणि हा जमिनीच्या पोटात सावकाश. खडकाची चव मुळांवाटे पेल्यात येते यावर माझा विश्वास नाही. पाणी किती धरले जाते, घड किती लवकर पिकतो, आम्ल किती शिल्लक राहते, हे जमीन ठरवते, आणि गॅब्रोवरच्या चिकण मातीत घड उशिरा पिकतो, एवढे मला पुरेसे आहे. २०११ मध्ये क्लिसों, गोर्ज आणि ल पाले या तीन गावांना स्वतंत्र दर्जा मिळाला. त्यांच्या वाइनसाठी गाळावरचा मुक्काम एका हिवाळ्याचा नसून दीड-दोन वर्षांचा किंवा त्याहून अधिक असतो. ती प्यायल्यावर साध्या द्राक्षाविषयीचे माझे वरचे वाक्य मलाच थोडे खटकते.

इथे ती कच्च्या कालवांबरोबर पितात. ओहोटीच्या वेळी आजी कोयतीने खडकावरची कालवे फोडायची, ते मला रत्नागिरीच्या सुट्ट्यांमुळे ठाऊक होते. पण ती कच्ची, मसाल्याविना, जिवंत गिळायची हे जमायला मला दोन वर्षे लागली. वाइनचा आंबटपणा तिथे लिंबाचे काम करतो.

माझी एक फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी मी एक बाटली पाहुण्यांसाठी फ्रीजरमध्ये टाकून विसरलो. दुसऱ्या दिवशी तळाशी चकाकणारे कण दिसले. काच फुटली अशी माझी खात्री झाली आणि मी तावातावाने ती दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने एक कण बोटावर घेतला, चाटला आणि मलाही चाटायला लावला. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे! गारठ्याने साखळले होते, इतकेच. कृषी पदवीधर असल्याचे मी त्याला सांगितले नाही.

आता तुझ्या बागेविषयी. तुझी शेनिन मूळची याच ल्वारच्या काठची, इथून वर आंजू-तूरेनकडची, हे तुला माहीत आहे; तिच्यात आम्ल भरपूर असते, म्हणजे ओकविना, गाळावर ठेवण्याजोगी ती आहेच. अडचण वेगळी आहे. इथे सप्टेंबरात आंबवण आणि लगेच मागे हिवाळा, म्हणून जमिनीतला हौद आपोआप थंड राहतो. गार करण्याचे काम ऋतूच फुकट करून देतो. तुझी तोडणी फेब्रुवारीत आणि पाठोपाठ एप्रिल-मेचे ऊन. त्या उष्म्यात गाळ पोसत नाही, सडतो, आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला की केलेले सगळे मोरीत. म्हणून पिंपाचे पैसे वाचव आणि ते गार करणाऱ्या स्टीलच्या टाकीत घाल. थंडी इथेही नेहमी मित्रासारखी वागते असे नाही. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर हिमकडाका पडतो, २०२१ मध्ये तर भयंकर पडला, आणि मग रात्रभर वेलींच्या ओळींमधून मेणाचे डबे पेटवून बसावे लागते. निफाडला पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही शेकोट्या पेटवता, ते मी वडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, धूर जास्त करता की जाळ? मला सांगता आले नाही, तू कळव.

मे महिन्यात मी येतो आहे. यंदाची, म्हणजे सध्या हौदात आहे तीच, मार्च-एप्रिलमध्ये बाटलीत उतरेल. तिची एक आणि गोर्जची तीन वर्षे गाळावर राहिलेली एक, अशा दोन बाटल्या आणीन. तोवर तू एवढे कर. या तोडणीतला पाच लिटर रस आंबव, आंबवण थांबले की गाळासकट काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद कर आणि घरच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव. भाजीला जागा उरली नाही म्हणून वहिनी रागावतील. माझे नाव सांग. बरणी हलवू नकोस, आणि मी येईपर्यंत उघडू नकोस.

तुझा,
विवेक