शिबिर संपतं, मग अकरा महिने काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ठाणे आणि नवी मुंबईतल्या उन्हाळी शिबिरांचं एक पूर्ण पान दिलंत. पोहणं, नाटक, रोबोटिक्स, गिर्यारोहण, सगळं त्यात होतं. प्रत्येकापुढे तारखा होत्या, शुल्क होतं, नाश्त्याला काय मिळणार हेसुद्धा होतं. शिबिर संपल्यावर ही मुलं एकमेकांना पुन्हा कधी भेटणार, हे मात्र एकाही जाहिरातीत नव्हतं. त्यासाठीच हे पत्र.

मी नौपाड्यात राहते. ३४ वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं बटवड्याच्या कामात. निवृत्त झाले तेव्हा शेजारच्या ताई म्हणाल्या, आमच्या मंडळाच्या शिबिरात स्वयंपाकघर सांभाळायला चला. गेले, ती तिथलीच झाले. शहापूर तालुक्यात, माहुली किल्ला समोर दिसतो अशा एका आश्रमशाळेत हे शिबिर भरतं. मे महिन्यात शाळेतली मुलं घरी गेलेली असतात, वर्ग रिकामे असतात. ७ दिवस, ४० मुलं. त्यातली २६ ठाण्याची, १४ आसपासच्या पाड्यांवरची. ठाण्याच्या मुलांतही घोडबंदर रोडच्या टॉवरमधली असतात, तशी कळव्याच्या चाळीतलीही असतात. आल्याबरोबर इथल्या नद्यांच्या नावांचे चार गट पडतात: उल्हास, काळू, भातसा, बारवी. दोन दिवसांत कोण टॉवरमधला आणि कोण पाड्यावरचा हे मुलं विसरतात. तिसऱ्या दिवसापासून भांडण असतं ते फक्त काळू आणि बारवीचं.

आणि मग सातवा दिवस. आसनगाव स्टेशनवर पोचवायला पाड्यांवरची मुलंही टेम्पोतून येतात. गाडी येईपर्यंत नुसती रडारड. फोन नंबर एकमेकांच्या हातावर बॉलपेनने लिहिले जातात, आणि ठाणं येईपर्यंत घामाने निम्मे आकडे पुसून गेलेले असतात. ते नंबर मी पाहिले आहेत. बहुतेक आईवडिलांचेच असतात, कारण दहा-बारा वर्षांच्या पोराकडे स्वतःचा फोन कुठून असणार?

व्हॉट्सअ‍ॅपचा गट आमचाही होता. मे अखेरीपर्यंत त्यावर तीनशे फोटो आले. जूनमध्ये शाळा उघडल्या, गटावर वह्या-दप्तरांच्या दुकानांची चर्चा सुरू झाली. गणपतीपर्यंत फक्त सुप्रभाताची चित्रं उरली. तो गट पालकांचा होता, मुलांचा नव्हता. पाड्यांवरची चौदाच्या चौदा मुलं त्यात कधी नव्हतीच.

पुढच्या मे महिन्यात हजेरी घेताना एक नाव पुकारलं आणि कोणी ‘हजर’ म्हणालं नाही.

भातसा गटातली ती मुलगी. पहिल्या वर्षी तिने आमच्या ठाणेकर मुलींना पत्रावळ लावायला शिकवली होती. पळसाची वाळलेली पानं, त्यांचे देठ मोडून टाकायचे, एक पान मध्ये धरून बाकीची भोवती फिरवत न्यायची आणि बांबूच्या बारीक काडीने टाके घालत जायचे. काडी कुठे मोडायची हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, बघायची गरज पडत नसे. आमच्या मुलींच्या पत्रावळींतून आमटी गळायची, तिच्यातून थेंब गळत नसे. शेवटच्या दिवशी चाळीस मुलांचं जेवण तिच्या गटाने लावलेल्या पत्रावळींवर झालं. पुढच्या मे महिन्यात मुख्याध्यापकांनी त्या मुलीचं नाव पटावर दाखवलं: दिवाळीच्या सुट्टीनंतर परतली नाही. आईवडील भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर गेले, धाकट्या भावाला सांभाळायला हिलाही घेऊन गेले. दिवाळी संपली की कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात, हे शहापूर-मुरबाडकडे दरवर्षीचं आहे. ती ज्या सहा-सात महिन्यांत विटा थापणाऱ्या आईच्या शेजारी भावाला मांडीवर घेऊन बसली होती, त्या सहा-सात महिन्यांत आमच्यापैकी कोणी तिची साधी चौकशी केली नव्हती. भिवंडी ठाण्यापासून किती लांब आहे, सांगा बरं?

यात दुसऱ्या कोणाला दोष देता येणार नाही. चूक आमची होती. मुलांना सात दिवस जीव लावायचा आणि आठव्या दिवशी हात झटकायचे, याला आम्ही शिबिर म्हणत होतो.

मी लहान असताना असं नव्हतं. १९४१ साली समाजवादी नेते एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दल या मुला-तरुणांच्या संघटनेचे पहिले दलप्रमुख झाले, आणि माझ्या लहानपणापर्यंत तिच्या शाखा गावोगाव भरत होत्या. आमच्या वाडीमागच्या मैदानात संध्याकाळी शाखा असायची. खेळ, गाणी, गोष्ट, प्रार्थना. मे महिन्यातलं शिबिर हे त्या शाखेचंच मोठं रूप होतं. शिबिरात जी मैत्रीण झाली, ती जूनमध्ये त्याच मैदानात दिसायची. एखादी आठवडाभर आली नाही तर शाखेच्या ताई तिच्या घरी जायच्या. आज आपण शाखेशिवाय नुसतं शिबिर भरवतो. मुलं शहराच्या चार टोकांची असतात, वेगवेगळ्या शाळांची असतात. त्यांना एकत्र आणणारं मैदान उरलेलं नाही, तेव्हा ते काम आता कोणीतरी ठरवून करायला हवं.

मला पोस्टाचं काम येतं, म्हणून आम्ही पोस्टकार्डापासून सुरुवात केली. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांचं आहे. पन्नास पैशांचं नाणं आता कोणी घेत नाही, त्यामुळे कार्डं जोडीनेच विकत घ्यावी लागतात, इतकंच. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला सहा कोरी कार्डं देतो. ४० मुलांची २४० कार्डं, १२० रुपये. शिबिराच्या टी-शर्टांवर आम्ही याच्या कितीतरी पट खर्च करत होतो. ठाण्याच्या मुलांच्या कार्डांवर आश्रमशाळेचा पत्ता आणि गटाचं नाव, पाड्यांवरच्या मुलांच्या कार्डांवर माझा पत्ता, हे रबरी शिक्क्याने आधीच उमटवलेलं असतं. कोणाच्या घरचा पत्ता कोणाला दिला जात नाही, मुलांच्या बाबतीत तेवढी काळजी घ्यायलाच हवी. माझ्याकडे आलेली कार्डं मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठाण्याच्या मुलांना वाटते.

पत्र कसं लिहायचं हे शिकवावं लागलं. पाचपाखाडीच्या एका मुलाने पत्त्याच्या भागावरसुद्धा मजकूर लिहून कार्ड गच्च भरून टाकलं होतं. पिनकोडचे सहा चौकोन कशासाठी, हे अर्ध्या मुलांना माहीत नव्हतं. मग एक दुपार त्यावरच घातली. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ठाणे शहराचा पिन ४०० ने सुरू होतो, शहापूरचा ४२१६०१. म्हणजे पहिला आकडा आपला सगळ्यांचा एकच, हे एका पाड्यावरच्या मुलाच्या लक्षात आलं. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आणि कार्डं येऊ लागली. लावणी चालू आहे, खेकडे मिळाले, वर्गाच्या छपरातून पाणी गळतं. इकडून उत्तरं गेली. पोस्टकार्ड उघडं असतं, कोणीही वाचू शकतं, म्हणून मोठी माणसं ते टाळतात. मुलांना उलट तेच आवडलं. एक कार्ड आलं की अख्खा गट वाचतो.

पण माझ्या लेखी कार्ड येण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते न येणं. टपालात एक गोष्ट शिकले. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनने मारलेला ‘पत्ता सोडून गेले’ हा शेरा आतल्या पत्रापेक्षा जास्त सांगून जातो. आमच्याकडे एक बटवड्याची वही आहे. नववीतल्या दोन मुली ती ठेवतात. कोणाचं कार्ड कधी आलं, कधी गेलं, सगळी नोंद असते. सलग दोन महिने एखाद्याचं कार्ड नाही, तर मुख्याध्यापकांना फोन करायचा. ठाण्यातलं मूल असेल तर घरी जाऊन यायचं. या वहीमुळेच कळव्याच्या एका मुलाचे वडील आजारी असल्याचं कळलं, आणि त्याची सहामाहीची फी वेळेवर भरता आली.

दुसरी गोष्ट दिवाळीच्या किल्ल्याची. सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी ठाण्याची मुलं सकाळच्या कसारा लोकलने आसनगावला उतरतात आणि आश्रमशाळेच्या अंगणात सगळे मिळून किल्ला करतात. किल्ला दरवर्षी एकच, माहुली, कारण तो डोळ्यांसमोर उभा असतो. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा सोसला तोच हा किल्ला. आधी दगड रचायचे, त्यावर ओली गोणपाटं, त्यावर नदीकाठची चिकणमाती. पळसगड, माहुली, भंडारगड असे तीन भाग आणि मधल्या खिंडी, एवढं जमलं की मग सुळके. अळीव पेरलं की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते, पण ती बघायला ठाण्याची मुलं तिथे नसतात. ती हिरवळ कशी आली हे कार्डावर कळवायचं, ही पाड्यांवरच्या मुलांची जबाबदारी.

चिखलात कोपरापर्यंत हात असले की मुलं बोलतात. एरवी विचारलं तर बोलत नाहीत. पहिल्याच किल्ल्याच्या दिवशी ती भातसा गटातली मुलगी खिंड लिंपता लिंपता शेजारच्या मुलीला म्हणाली, भाऊबीज झाली की आम्ही पुन्हा भट्टीवर जाणार. पावसाळ्यात ती शाळेत परतली होती, आणि आता पुन्हा निघाली होती. त्या वर्षी ते आम्हाला आधी कळलं. मुख्याध्यापक, आमच्या ताई आणि मी तिच्या पाड्यावर गेलो. दोनदा जावं लागलं. आईचं म्हणणं खोटं नव्हतं, लहानग्याला बघणार कोण? शेवटी आजी त्याला ठेवून घ्यायला तयार झाली आणि मुलगी वसतिगृहात राहिली. सगळ्यांचं असं झालं नाही. त्या दिवाळीत दोघं गेलीच. त्यांना संक्रांतीला भट्टीवर जाऊन तिळगूळ देऊन आलो, वह्या देऊन आलो. त्याहून जास्त काही करता आलं नाही, याची खंत आहे.

जानेवारीत पाड्यांवरची मुलं ठाण्याला येतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतले रोहित पक्षी बघतात आणि शिबिरातल्या मित्रांच्या घरी जेवतात. माझ्या घरी एका मुलाने नळ सोडला आणि विचारलं, हे पाणी कुठून येतं? म्हटलं, तुमच्या भातसेतून, पिसे बंधाऱ्यावरून. तो बराच वेळ त्या धारेखाली हात धरून उभा राहिला. त्याच्या पाड्यावर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. त्या वेळी तिथे असलेली आमची ठाण्याची मुलं आता दात घासताना नळ बंद करतात, असं त्यांच्या आया सांगतात.

अडचण आहे ती जागेची. ठाण्यातली महिन्याची भेट आम्ही तलावपाळीवर घेतो. पावसाळ्यात ते जमत नाही. एका सोसायटीचं सभागृह मागितलं, तर मुलं सोसायटीतली नाहीत म्हणून नकार मिळाला. महापालिकेच्या शाळांचे वर्ग रविवारी बंद असतात. त्यातला एक वर्ग महिन्यातून एकदा, दोन तासांसाठी मिळावा, एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या इतर शिबिरांनाही तो उपयोगी पडेल.

पालकांनीही शुल्क भरण्याआधी एक प्रश्न विचारावा: जूननंतर काय? संयोजकांना उत्तर द्यायला आवडणार नाही, आम्हालाही सुरुवातीला आवडलं नसतं. पण दहा पालकांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळेपर्यंत उत्तर तयार होईल. आणि आपल्याला एक विनंती. एप्रिलमधल्या पानासारखं एक पान दिवाळीच्या आधीही द्यावं. उन्हाळ्यात एकत्र आलेली मुलं आता कुठे भेटत आहेत, काय करत आहेत, एवढंच त्यात असलं तरी पुरे.

यंदाची आमची नोंदणी सुरू झाली आहे. होळीच्या आधी भातसा गटाचं एक कार्ड माझ्याकडे आलं. त्यात लिहिलं आहे की यंदा ठाण्याहून कागदी ताटल्या आणू नका. पळस झडायच्या आत तिने पानं तोडून ठेवली आहेत, वाळलीही आहेत, आणि काड्या तासायला या वेळी काळू गटानेही यायचं आहे.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
नौपाडा, ठाणे