रविवारची बैठक : बर्लिन विद्यापीठ
सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या खोलीत अभ्यासमंडळाची बैठक आहे. विषय : १८१० मध्ये सुरू झालेलं बर्लिन विद्यापीठ. अध्यापन आणि संशोधन हातात हात घालून चालावं, हा जर्मन विचारवंत आणि शिक्षणसुधारक विल्हेल्म फॉन हम्बोल्ट यांचा आग्रह तिथे रुजला.

• रचना वाचून या : धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान या चार विद्याशाखा, १८११ मध्ये निवडणुकीने आलेले पहिले रेक्टर (विद्यापीठाचे प्रमुख), तत्त्वज्ञ फिख्टे.
• खरी खडाजंगी इथे होईल : पैसा सरकारचा, प्राध्यापकांच्या नेमणुकाही सरकारच्या हाती, मग विद्येचं स्वातंत्र्य कितपत? अर्धा तास यासाठीच राखून ठेवलाय (तोही कमीच पडणार!).
• बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं. प्रत्येकी पाच मिनिटं, सवलत नाही.

१९४९ चं विद्यापीठाचं नामांतर (हम्बोल्ट विद्यापीठ) पुढच्या बैठकीत घेऊ.