शफल बंद करा, मग ऐका

महोदय,
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मोबाइलवर तुटक वाटतो, ही तक्रार नेहमीची. दोष अल्बमचा नाही. गाणी एकमेकांत विरघळतात. म्हणून शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) व क्रॉसफेड (एक गाणं मंदावत त्यावर दुसरं चढवणं) बंद, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पडू देणं) चालू आणि सलग ४३ मिनिटं ऐका. एलपीवर (विनाइल तबकडीवर) ‘मनी’ या गाण्याच्या आधी तेवढी बाजू पालटायची.

‘मनी’तली नाण्यांची खणखण म्हणजे टेपचे तुकडे मोजून-कापून जोडलेला लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा टेपचा वेढा). चाराच्या ठेक्यात पाय आपटाल तर चुकेल, सात मोजा. (सात मात्रांचा रूपक ताल अंगवळणी पडलेल्यांना सोपं!) गिटार सोलोला मात्र बिनधास्त चार.

हेडफोन हवेतच. ‘ऑन द रन’मधले आवाज या कानातून त्या कानात धावतात, एकाच स्पीकरवर ते जागीच विझतात.

— एक श्रोता, ठाणे