शैलाला फोन तूच कर

पुणे, रविवार

प्रिय नंदे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, त्याबद्दलच्या शिव्या पुढच्या पत्रात घाल. बीपी ठीक, गुडघे होते तसेच. लिहायला बसले ती शैलाच्या मुक्तामुळे.

शैलाचा मेसेज तुलाही आला असेल. मुक्ताच्या गरोदरपणाचा नववा आठवडा, "टीएसएच एकदम नॉर्मल", खाली फुलांचा गुच्छ. म्हणजे थायरॉईडला हाकणारा, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन जागेवर, म्हणून सगळं छान. माझी नजर फोटोतल्या बाटलीवर गेली. न्यू जर्सीत कुणीतरी पोरीला "नैसर्गिक" थायरॉईडच्या गोळ्या लावून दिल्यात. म्हणजे डुकराच्या थायरॉईडची वाळवलेली पूड. चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणाऱ्या शैलाला हे माहीत आहे का, ते मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस, निदान पहिल्या फोनमध्ये तरी.

डुकराबद्दल माझं काही म्हणणं नाही. घोळ प्रमाणाचा आहे. त्या गोळीच्या एका ग्रेनमध्ये (हे तिचं जुनं माप) थायरॉईडची दोन हार्मोनं: ३८ मायक्रोग्रॅम टी-फोर आणि ९ मायक्रोग्रॅम टी-थ्री, म्हणजे जेमतेम ४ ला १. माणसाची ग्रंथी सोडते सुमारे १४ ला १. हे जास्तीचं टी-थ्री पिट्युटरीची समजूत घालतं. तिथल्या पेशींत टीआर-बीटा-टू हा रिसेप्टर, म्हणजे थायरॉईड हार्मोन पकडणारं प्रथिन, असतो, आणि त्यावर टी-थ्री बसलं की टीएसएचचं जनुक दाबलं जातं. टीएसएच उतरतो, रिपोर्ट छान दिसतो, आणि रक्तातलं टी-फोर खाली गेलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते तपासायला सांगितलेलंच नसतं. मुक्ताच्या रिपोर्टवर टी-फोर नाही. फोटो मोठा करकरून पाहिला.

आता तू म्हणणार, रिसेप्टरला हवं असतं टी-थ्रीच, मग आईच्या अंगात ते असताना बाळाचं अडतं कुठे? तिथेच तर अडतं. बाळाच्या मेंदूतलं टी-थ्री बहुतांशी मेंदूतच बनतं. आईचं टी-फोर वारेतून थोडं थोडं पलीकडे जातं, मेंदूत पोचतं, तिथे डीआयओ-टू हे एन्झाइम त्यातला एक आयोडीन काढून टाकतं, की झालं टी-थ्री. आईच्या रक्तातलं तयार टी-थ्री या वाटेला लागतच नाही म्हण. माद्रिदमध्ये मोरेआले दे एस्कोबार बाईंच्या गटाने १९९० साली हे उंदरांमध्ये चोख दाखवलंय: हार्मोन तुटलेल्या गाभण माद्यांना टी-फोर दिलं तर पिल्लांच्या मेंदूतलं टी-थ्री सावरतं, टी-थ्री दिलं तर नाही. पुढे २०१० मध्ये पेशींच्या डिशमध्येही तेच निघालं. डीआयओ-टू असते ऍस्ट्रोसाइटसारख्या आधारपेशींत, न्यूरॉनमध्ये नाही. नुसत्या न्यूरॉनना टी-फोर द्या, जनुकं ढिम्म. शेजारी डीआयओ-टू असलेल्या पेशी ठेवा, लगेच हालचाल.

(यावरून आठवलं. आमच्या लॅबमधल्या नव्या पोरीने परवा निकाल आणला की टी-थ्री घालूनही केएलएफ-नाइन, म्हणजे टी-थ्रीने जागं होणारं जनुक, वाढत नाही, म्हणजे रिसेप्टर मेला. अगं, माध्यमात दहा टक्के सीरम, आणि ते कोळसा-रेझिनने धुतलेलंच नाही! सीरममध्ये टी-थ्री असतंच, कंट्रोलच्या डिशमधला रिसेप्टर आधीच भरलेला. वर टी-थ्रीचं पातळ द्रावण प्लास्टिकच्या नळीत बीएसए हे प्रथिन न घालता ठेवलेलं, म्हणजे निम्मं भिंतीला चिकटलं असणार. जोशीसरांनी तिला उभं जाळलं असतं. मी चहा पाजला.)

तर आपलं जुनं भांडण. मेसमध्ये तू टेबल बडवून सांगायचीस की रिसेप्टर म्हणजे कुलूप, हार्मोन ही किल्ली, किल्ली नसेल तर कुलूप नुसतं लटकतं. चूक, नंदे. तेव्हाही चूक आणि आजही. हा रिसेप्टर हार्मोन नसतानाही डीएनएवर बसलेला असतो. एजीजीटीसीए ही सहा अक्षरं, मध्ये चार अक्षरांची जागा, पुन्हा तीच सहा, असं ठिकाण तो धरतो, बहुतेक वेळा आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरला जोडीला घेऊन. टी-थ्री नसेल तर तो एनकोर आणि स्मर्ट हे सहदाबक, म्हणजे जनुक दाबायला मदत करणारी प्रथिनं, धरून ठेवतो, आणि त्यांच्याबरोबर एचडीएसी-थ्री हे एन्झाइम येतं. डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरचे ऍसिटिल गट ते काढून टाकतं, तिथला डीएनए घट्ट आवळला जातो, आणि जनुक नुसतं गप्प न राहता रिसेप्टर मुळातच नसता तर जितकं चाललं असतं त्याच्याही खाली दाबलं जातं. टी-थ्री आत शिरलं की रिसेप्टरची बारावी हेलिक्स (त्याचा शेवटचा मळसूत्री तुकडा) वळून खळग्यावर बसते, एनकोरची जागा मोडते, आणि तिथे एसआरसी, सीबीपी, पी-३०० हे मदतनीस येऊन ऍसिटिल पुन्हा चढवतात.

म्हणून हार्मोन नसणं आणि रिसेप्टर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली जास्त वाईट. २००२ चा तो माद्रिद-स्टॉकहोमचा निकाल मी तुला कापून पाठवला होता, आणि तू "उंदीर आहेत ते" म्हणून टोलवलास. हार्मोन तोडलं की उंदरांच्या सेरेबेलमची, म्हणजे लहान मेंदूची, रचना बिघडते, ग्रॅन्यूल पेशी वेळेवर खाली उतरत नाहीत. पण टीआर-अल्फा-वन हा रिसेप्टरचा प्रकारच काढून टाकलेल्या उंदरांत हार्मोन तोडलं तरी ती बिघडत नाही! नुकसान करतो तो हा रिकामा अल्फा-वन. आणि मेंदूतल्या रिसेप्टरपैकी ७० ते ८० टक्के तोच. माणसं हवीत ना तुला? २०१२ मध्ये टीएचआरए या अल्फा रिसेप्टरच्या जनुकात बिघाड असलेली पहिली मुलगी सापडली. रिसेप्टर टी-थ्री धरेना, दाबक सोडेना. उंची खुंटलेली, बद्धकोष्ठ, बुद्धीची वाढ मंद, आणि टीएसएच नॉर्मल! पिट्युटरी बीटावर चालते, तिला अल्फाचं दुखणं कळतच नाही. टीएसएच नॉर्मल म्हणून मेंदूचं पोट भरलंय असं धरून चालायचं नाही, एवढंच मला शैलाला सांगायचंय, आणि माझं ती ऐकणार नाही. हॉलच्या त्या प्रकरणानंतर तर नाहीच.

घाई यासाठी, की माणसाच्या गर्भाच्या मेंदूत दहाव्या आठवड्यालाच हा रिसेप्टर सापडतो. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्याच्या सुमारास जेमतेम कामाला लागते, आणि खरा भार उचलते ती पाच महिन्यांच्या आसपास. तोवर रिकामा रिसेप्टर भरायला आईचंच टी-फोर. मायेलिनचं, म्हणजे मज्जातंतूंवरच्या वेष्टणाचं, काम मागे पडलं तर पुढे बरंचसं भरून निघतं, पण पेशींनी कुठून कुठे जायचं ते ठरल्या दिवसांतच व्हावं लागतं. बाळाचं काही बिघडलंय असं मी मुळीच म्हणत नाही. टी-फोर कदाचित पुरेसं असेलही. पण बघायला तर हवं.

तेव्हा फोनवर एवढं सांग. गोळी मनाने बंद करायची नाही, काहीच न घेणं सगळ्यात वाईट. याच आठवड्यात एंडोक्रिनॉलॉजिस्ट गाठून साध्या लेव्होथायरॉक्सिनवर, म्हणजे नुसत्या टी-फोरच्या गोळीवर, जायचं, डोस तो ठरवेल. टीएसएचबरोबर टी-फोर मागायचं. गरोदरपणात फ्री टी-फोरच्या (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेल्या टी-फोरच्या) चाचण्या दगा देतात, म्हणून टोटल टी-फोरही. ते सोळाव्या आठवड्यानंतर एरवीच्या दीडपट असायला हवं, नेहमीच्या पट्ट्यात बसलं म्हणून खूश व्हायचं नाही. टीएसएच २.५ च्या खाली, आणि अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. गोळी उपाशीपोटी, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असेल (घेत असणारच, शैलाची मुलगी आहे) तर रक्त द्यायच्या आधी दोन दिवस बंद, नाहीतर टी-फोर खोटंच जास्त आणि टीएसएच खोटाच कमी दिसतो. तिकडच्या प्रीनेटल गोळ्यांपैकी सगळ्यांत आयोडीन नसतं. बाटलीवर १५० मायक्रोग्रॅम लिहिलंय का ते वाचायला सांग. आणि स्वयंपाकात ते गुलाबी सैंधव चाललं असेल तर आयोडीनच्या हिशेबात त्याला शून्य धरायचं.

तुझ्या नावापुढचं डॉक्टर पीएचडीचं आहे हे शैला नेहमी विसरते. या खेपेला विसरू दे. माझं नाव काढू नकोस.

तुझ्या घराच्या रंगकामाचं वाचलं, कॉलेजातल्या राजकारणाचंही. त्या एचओडीला किंमत देऊ नकोस. अनिकेतच्या मुलाखतीचं काय झालं? दातांचं काम उरकून घे, पुढे ढकलू नकोस.

शैलाकडे सकाळी साडेसातनंतर फोन लागतो, त्याआधी ती पूजेत असते. बोलणं झालं की मला कळव, मग रात्री कितीही वाजलेले असोत.

तुझी,
वसू