दोन बोटं माया

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील. माझं नाव घालू नका, एवढंच तुम्ही म्हणालात, म्हणून नुसतं 'काकू' लिहिते. तुमच्यासमोर हे बोलायचं फार दिवस राहून गेलं. दरवेळी शिलाईचे पैसे दिले, चहा घेतला आणि घरी आले. पण माझ्यासारखी एखादी आई हातात साडी घेऊन कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर अडली असेल, तर तिच्या कानावर हे जावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी तुमच्या दुकानाच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा तुमचं शिलाई मशीन लोखंडी पायासकट उचलून आमच्या माडीवर कोणी नेलं, ते तुम्ही गल्लीभर सांगायचात. "वहिनींच्या पोरानं." तेव्हा माझ्या लेकीला पोरगाच समजत होते सगळे. मीही. वय एकोणीस, पुण्यात इंजिनिअरिंगला.

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये ती घरी आली आणि एका रात्री स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "आई, मी मुलगा नाहीये. कधीच नव्हते." मला आधी ऐकू आलं ते 'नव्हते'. मग हळूहळू लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं तिच्या तोंडून 'मी येतो', 'मी जातो' ऐकलंच नव्हतं. "यायला उशीर होईल." "भूक नाहीये." "जायचंय मला." मराठीत स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे पावलोपावली आपण बाई की पुरुष ते सांगावं लागतं, आणि माझं लेकरू ते टाळायला वाक्यं वळवून वळवून बोलत होतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका 'मी आलो, मी जातो' बोलतात, तुम्हीही बोलता. तसंच कोणी तिचंही ऐकून सोडून दिलं असेल. पण मी आई होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या रात्री तिने आणखी एक सांगितलं. ती पाच-सहा वर्षांची असताना आम्ही मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. डब्यातून उतरून टाळी वाजवत काही तृतीयपंथी आमच्याकडे आले. ती कशासाठी तरी रडत होती, आणि मी म्हणाले होते, "रडलास तर त्यांच्याकडे देऊन टाकीन." मला हे मुळीच आठवत नव्हतं. अशी वाक्यं आपण सगळ्याच बायका बोलून जातो. तिला मात्र माझ्या साडीचा रंगही आठवत होता. काकू, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लेकीची माफी मागून झाली आहे, आणि इथेही लिहून ठेवते.

मग आमचं जे व्हायचं ते झालं. हे जेवायला बसले की पेपर समोर धरायचे. एका डॉक्टरांनी सांगितलं, लग्न करून द्या, सुरळीत होईल. पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मात्र दोन तास बसवून समजावलं, की हा आजारच नाही; जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच मानसिक आजारांच्या यादीतून हे काढलं आहे. 'पारलिंगी', म्हणजे जन्मावेळी मुलगा की मुलगी म्हणून जे ठरवलं गेलं त्याहून जिची स्वतःची ओळख वेगळी असते ती व्यक्ती, हा शब्द मला लेकीने शिकवला. रात्र रात्र जागून मी वाचत गेले. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयलिंगी हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्या वर्षी माझी लेक आठवीची परीक्षा देत होती. ती बातमी आमच्या घरीही आली असणार, आणि मी पान उलटलं असणार. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या पारलिंगी अंजली पाटील महिलांच्या जागेवर अर्ज भरायचा म्हणून उच्च न्यायालयात गेल्या, आणि जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायतीवर निवडूनही आल्या. गावंच्या गावं पुढे गेली होती. मी मात्र माझ्या लेकीला घेऊन आपल्या गल्लीतून चालत नव्हते. ती सुट्टीला आली की रात्रीच्या गाडीने ये, म्हणून सांगायचे.

2022 च्या मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. लेक म्हणाली, "साडी नेसून आले तर चालेल का?" मी माझी जांभळी इरकल काढली. प्रश्न ब्लाऊजचा आला. तयार ब्लाऊज खांद्यात बसेना. एका दुकानात तिला बघून सांगितलं, आमच्याकडे फक्त लेडीजचं शिवतो. दुसरीकडे म्हणाले, माप घेणार नाही, मापाचा ब्लाऊज आणून द्या. मापाचा ब्लाऊज कुठून आणायचा, काकू? आयुष्यातला पहिलाच होता तो. रिक्षात ती माझ्याशी काही बोलली नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद तेवढे गुंडाळत राहिली.

तुमच्याकडे मी शेवटी आले, कारण तुम्ही ओळखीच्या. अनोळखी माणसाचा नकार पचवता येतो. भर दुपारी आले, दुकानात कोणी नसेल म्हणून. ती माझ्या मागे उभी होती. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. त्या दोन क्षणांत मी परत फिरायची तयारी केली होती.

तुम्ही म्हणालात, "गळा मागनं किती खोल पाहिजे?"

ती गोंधळली. तिला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. तुम्ही टेप गळ्यात अडकवलात आणि तिला उजेडात उभं केलंत. खांदा, मुंढा, छाती, कंबर, बाही, दंडघेर. आमच्या मापांना जसे हात लावता तसेच लावलेत. ती अंग चोरून उभी होती, तर दटावलंत, "ताठ उभी ऱ्हा, नाहीतर पाठीत चुण्या पडतील." खांदे रुंद आहेत म्हणून ती पुटपुटली, तर म्हणालात, "आमच्या सासूबाईंचे असेच होते. पैलवानाच्या घरातली बाई. बाही कोपरापर्यंत घेऊ, गळा जरा रुंद काढतो, बघ कसा बसतोय." तुम्ही टेप खाली केलात आणि तिनं मान वर केली, ती त्या दुपारी पहिल्यांदा.

मग वही उघडलीत आणि विचारलंत, "नाव काय लिहू?"

तिने माझ्याकडे बघितलं. घरात ते नाव फक्त तिच्या तोंडून निघायचं, मी चुकतमाकत घ्यायचे, हे तर घेतच नव्हते. तिने सांगितलं. तुम्ही विचारलंत, "वेलांटी पहिली का दुसरी?" आणि लिहिलंत. खाली मापं, तारीख, कडेला कापडाचा तुकडा टाचून. काकू, पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याप्रमाणे तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळायचं. पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, त्यासाठी तेव्हा कोणा डॉक्टरकडून अंग तपासून घ्यावं लागत नव्हतं. ते ओळखपत्र तिच्या हातात आलं 2022 च्याच ऑक्टोबरमध्ये. पुढे आधार, बँक, एकेक करत बदललं. कॉलेजच्या गुणपत्रिकेसाठी मात्र अजून हेलपाटे चालू आहेत. पण दुसऱ्याच्या हाताने तिचं नाव कुठे पहिल्यांदा लिहिलं गेलं असेल, तर ते तुमच्या त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत.

मी नंतर एकटी आले तेव्हा विचारलं होतं, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? तुम्ही काज करत होता. म्हणालात, तुमच्या आईकडे सौंदत्तीच्या यात्रेआधी जोगते यायचे, यल्लम्माला सोडलेले. साडी-चोळी नेसणारे. त्यांच्या चोळ्या तुमची आई शिवायची आणि तुम्ही पोरपणी हुक लावायला बसायचात. "चोळी अंगाला बसली की नाही, एवढंच आई बघायची. तेच मी बघतो." त्या पोरांना देवाला सोडलं जायचं, त्यात त्यांची मर्जी किती होती, हा वेगळा आणि अवघड विषय आहे, आणि तुम्हीही त्यावर गप्प झालात. पण शिवणाऱ्या बाईने त्यांच्याकडे माणूस म्हणून बघितलं, ते तुमच्यापर्यंत आलं, आणि तुमच्याकडून माझ्या लेकीपर्यंत.

ब्लाऊज न्यायला आम्ही दोघी आलो, त्या वेळी संध्याकाळी, गल्लीत माणसं असताना. तुम्ही तो उलटा केलात आणि आतली शिवण दाखवलीत. अंग बाईसारखं व्हावं म्हणून तिचे उपचार नुकतेच सुरू झालेत, हे मी चाचरत तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही म्हणालात, "दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं माया ठेवलीया. अंग भरंल तसं उसवून देतो. नवा शिवायला नको." आम्ही घरी आलो. तिने ब्लाऊज पुन्हा उलटा केला आणि आतल्या त्या जास्तीच्या कापडावरून बोट फिरवत बसली. पेपर खाली ठेवून यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही बाबा. काकूंनी माया ठेवलीये." हे उठले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले. त्या घरात एवढं घडायला दोन वर्षं लागली होती.

लग्नाचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही पंगतीला होता. सगळे चांगलेच वागले असं मी म्हणणार नाही. दोघी-तिघी उठून दुसऱ्या रांगेत बसल्या. नात्यातले एक आजोबा, ज्यांच्या डोळ्यांत बालगंधर्वांच्या पदांनी आजही पाणी येतं, आमच्या नागठाण्याचा माणूस शालू नेसून उभा राहिला की बायका त्याच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या, म्हणून सांगत सुटतात, ते लेकीने वाकून नमस्कार केला तरी बोलले नाहीत. बालगंधर्व नट होते, ती भूमिका होती. माझ्या लेकीने नाटक केलं ते आधीची वीस वर्षं. पण हळदीच्या वेळी यांच्या चुलतबहिणीने तिची बाही चिमटीत धरली आणि विचारलं, "फिटिंग कसलं बसलंय गं! कुठं शिवलास?" आणि तिने मान वर करून तुमचं नाव सांगितलं. ते मी मांडवाच्या खांबाला धरून बघत होते.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला येते आहे, दिवसाच्या गाडीने. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तिला कळवलंय, सुईत दोरा ओवायला मी बसते म्हणाली. जांभळ्या इरकलीचा ब्लाऊज सोबत आणणार आहे. छातीत घट्ट होतोय. डाव्या बाजूची एक शिवण उसवावी लागेल.

तुमची,
माडीवरची वहिनी