सॅक पाठीच्या मापाने घे, लिटर नंतर बघ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दोन-तीन दिवसांच्या ट्रेकसाठी आतल्या फ्रेमची, म्हणजे पाठीच्या बाजूला आत कडक सांगाडा असलेली सॅक घ्यायची आणि तीही फार खर्च न करता, असं म्हणालीस. तू केलेली यादी पाहिली. प्रत्येक सॅकपुढे लिटर, म्हणजे तिच्यात किती मावतं ते, आणि किंमत आहे, पाठीचं माप मात्र एकीपुढेही नाही. हाती पैसे मोजके असतात तेव्हा ते कशावर घालायचे आणि कशावर अजिबात घालायचे नाहीत हे आधी ठरवावं लागतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी पाठीची लांबी मोजून घे. मान पुढे झुकवलीस की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. तिथून टेप सुरू. आता दोन्ही हात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेव, अंगठे पाठीकडे. दोन्ही अंगठे जोडणारी रेघ कण्याला जिथे मिळते, तिथपर्यंत टेप पाठीच्या वळणाला धरून खाली आण. हे एकटीला जमणार नाही, कुणाला तरी मोजायला सांग. उंचीवरून अंदाज बांधू नकोस. सारख्याच उंचीच्या दोघींपैकी एकीचे पाय लांब असतात, दुसरीची पाठ. बऱ्याच सॅक लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येतात, काहींचे खांद्याचे पट्टे वरखाली सरकवता येतात. तुझं माप ज्या सॅकच्या टप्प्यात बसत नाही ती कितीही स्वस्त मिळाली तरी यादीतून काढून टाक. पाठ लांब आणि सॅक आखूड असली की कंबरपट्टा पोटावर चढतो आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. मग फ्रेमचे पैसे दिले काय आणि न दिले काय, सारखंच.

फ्रेमचं काम एकच, ओझं खांद्यांवरून उचलून कमरेवर पोचवणं. अमेरिकेतल्या डिक केल्टींनी 1952 मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम लावलेल्या सॅक विकायला सुरुवात केली, तेव्हा तो सांगाडा सॅकच्या बाहेर असायचा. 1967 च्या सुमारास तिथलेच गिर्यारोहक ग्रेग लोव यांनी तो कापडाच्या आत नेला. त्याने ओझं पाठीला चिकटून राहायला लागलं. अरुंद वाटेवर किंवा खडक चढताना सॅक मागे ओढत नाही, एका बाजूला झोलही देत नाही. तू जशा वाटा निवडतेस त्यांना हीच फ्रेम बरी.

पण स्वस्तातल्या पुष्कळ सॅकवर ‘फ्रेम’ लिहिलेलं असतं आणि आत नुसता फोमचा तुकडा निघतो. तू स्वतः हात घालून बघ. पाठीच्या बाजूला आत बहुधा एक कप्पा किंवा म्यान असते. त्यात ॲल्युमिनियमच्या एक-दोन चपट्या पट्ट्या, किंवा कडक प्लास्टिकचा पत्रा, किंवा कडेने फिरवलेली जाड तार, यांपैकी काहीतरी हाताला लागलंच पाहिजे. मग सॅक भरून जमिनीवर उभी कर आणि पाठीच्या बाजूने वरून दोन्ही हातांनी दाब. पाठ मध्येच दुमडून खाली बसली, तर दहा किलोचं ओझं ती कमरेपर्यंत पोचवणार नाही. ॲल्युमिनियमची पट्टी मला जास्त आवडते, कारण ती बाहेर काढून आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे थोडी वाकवता येते.

फ्रेमच्या खालोखाल महत्त्वाचा कंबरपट्टा. त्याचा फोम चिमटीत धरून दाब. सहज चेपला जाऊन बोटं एकमेकांना टेकली, तर तो महिन्याभरात बसेल. चांगला फोम दाबाला उलट जोर देतो आणि सोडला की लगेच पूर्ववत होतो. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बांधल्यावर पुढे दोन्ही गाद्यांमध्ये थोडी जागा उरायला हवी. त्या आधीच टेकल्या तर पट्टा अजून आवळायला वाव राहत नाही.

शिवण बघायला वेळ दे. खांद्याचे पट्टे सॅकला जिथे जोडलेले असतात तिथे एकावर एक दाट टाके घातलेली छोटी जाड पट्टी दिसते. सगळा ताण तिथे येतो. पट्टा हातात धरून जोराने ओढ. टाक्यांच्या मधून कापड फाकताना दिसलं, दोरे लोंबत असले, तर सॅक परत ठेव. चेन भरलेल्या सॅकवर दोन-तीनदा उघडून-लावून बघ, रिकाम्या सॅकची चेन नेहमीच छान चालते.

आता पैसे कुठे वाचवायचे ते सांगते. भरमसाट कप्पे नकोत, प्रत्येक कप्प्यामागे वजन वाढतं आणि बिघडायला आणखी एक चेन मिळते. पाठीपासून लांब ताणलेली जाळी हवेशीर असते खरी, पण ओझं तितकंच मागे जातं, तेव्हा त्यासाठी जादा पैसे देऊ नकोस. रेनकव्हर सोबत मिळालं तर उत्तम, नाही तर आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भर. खरं तर तीच जास्त भरवशाची, कारण पाठीवरून ओघळणारं पाणी रेनकव्हर अडवू शकत नाही. कापडाच्या डेनियरच्या मोठ्या आकड्याने भुलू नकोस. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, म्हणून आकडा मोठा तसं कापड जाड आणि जड. छोट्या ट्रेकला 210 डेनियरचं चांगलं नायलॉन पुरतं. गेल्या वर्षीचा रंग कमी किमतीत मिळत असेल तर डोळे मिटून घे.

वापरलेली सॅकही चालेल. फक्त आतला थर हाताने चाचपून बघ. दमट जागी पडून राहिलेल्या सॅकचा पाणीरोधक लेप चिकट होतो किंवा पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटायला लागला की तो थांबत नाही.

लिटरचं सगळ्यात शेवटी. बाकीचं सामान आधी जमव. स्लीपिंग बॅग, कपडे, शिधा, भांडी, तंबूतला तुझा वाटा, सगळं एका खोक्यात दाबून भर. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार कर, हजाराने भाग, की लिटर निघाले. दोन-तीन दिवसांसाठी ते बहुधा 40 ते 50 च्या दरम्यान येतील. त्याहून मोठी सॅक घेतलीस तर तू ती भरशीलच, आणि मला तेच नको आहे. भरलेली सॅक तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेव.

घेण्याआधी सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरून अंगावर चढव. सगळे पट्टे सैल कर. पहिला कंबरपट्टा, हाडावर बसवून घट्ट. मग खांद्याचे पट्टे, अंगाला लागतील इतपतच. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे हलके ओढ, ते साधारण 45 अंशात तिरपे दिसले पाहिजेत. छातीचा पट्टा शेवटी, श्वास अडणार नाही असा. अशीच वीस मिनिटं चाल, जिना चढ-उतर. ऑनलाइन मागवलीस तर हे घरातच कर आणि तोवर लेबल काढू नकोस. हात खांद्याच्या पट्ट्याखाली सहज सरकत असेल आणि कंबरपट्टा जागचा हलला नसेल, तर ती सॅक घे. कमरेला कुठे टोचलं किंवा खांदे भरून आले, तर विक्रेता काहीही म्हणो, परत कर.

तुझी,
आई