यकृताच्या शस्त्रक्रियेआधी नेमके कोणते आकडे पाहायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यकृतातील गाठीसाठी शस्त्रक्रिया सुचवली गेली की लातूर, नांदेड, बीड, हिंगोलीकडची बरीच कुटुंबे पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात आणि तपासण्यांची जाडजूड फाईल सोबत नेतात. त्या फाईलमध्ये नातेवाइकांची नजर बहुधा एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासणीच्या ओळीवरच खिळलेली असते. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केल्यामुळे याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे (एन्झाइम) यकृताच्या पेशींना इजा होत आहे का, एवढेच सांगतात. यकृत काम किती करते हे त्यांवरून कळत नाही. सिरोसिस (यकृत आक्रसून कठीण होण्याचा आजार) झालेल्या रुग्णाचा एसजीपीटी अगदी नॉर्मल येऊ शकतो. यकृताचा भाग काढून टाकल्यावर उरलेला भाग शरीराचा भार पेलेल का, हे ठरवताना सर्जन बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा; तो वाढला की रक्त उशिरा गोठते) आणि प्लेटलेट यांना अधिक महत्त्व देतात. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील दाब वाढून प्लीहा मोठी झाली असावी आणि प्लेटलेट तिथे अडकत असाव्यात, अशी शंका घेतली जाते. निरोगी यकृताचा साधारण २० टक्के भाग मागे राहिला तरी भागते, सिरोसिसमध्ये मात्र ४० टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. म्हणजे स्कॅनवर गाठ तेवढीच दिसली, तरी या आकड्यांवरून शस्त्रक्रियेचा निर्णय बदलू शकतो.

यातले काही आकडे शस्त्रक्रियेपूर्वी सुधारता येतात. पित्तनलिका अडून कावीळ झाली असेल तर के जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि आयएनआर वाढतो. अशा वेळी के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत तो खाली आला, तर दोष शोषणाचा होता आणि यकृत गोठण्याचे घटक तयार करू शकते, असे समजते. अल्ब्युमिनचे गणित वेगळे आहे. त्याचे रक्तातील अर्धे आयुष्य (निम्मे संपायला लागणारा काळ) सुमारे २० दिवसांचे असल्यामुळे ते आठवडाभरात वर येत नाही. आपल्याकडे मात्र कावीळ म्हटली की डाळ, अंडी, तेल बंद करून उसाचा रस आणि पेज सुरू होते, आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर रुग्णाचे स्नायूच झडतात. अल्ब्युमिन केवळ आहाराने कमी होते असे नाही, हे खरे. तरीही डॉक्टरांना न विचारता प्रथिने तोडणे हा रुग्णावर अन्यायच आहे.

आकडा विश्वासार्ह असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. आयएनआरसाठी निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त भरावे लागते. कमी भरले तर नळीतील सायट्रेटचे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचे) प्रमाण जास्त होऊन आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. मे महिन्याच्या उन्हात दुचाकीवर हिंदकळत आलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या, तर एसजीओटी आणि पोटॅशियम वाढून येतात. उजेडात राहिलेल्या नमुन्यात बिलिरुबिन कमी भरते. प्लेटलेटचे पुंजके झाले, तर यंत्र त्यांची संख्या कमी दाखवते. तेव्हा रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीच पाहिजे. संकलन केंद्रे गल्लोगल्ली निघाली, पण नमुना किती वेळात आणि किती तापमानात पोहोचला, याची नोंद रुग्णाला क्वचितच दिली जाते.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस बिलिरुबिन आणि आयएनआर थोडे वाढणे अपेक्षित असते. पाचव्या दिवशी किंवा त्यानंतरही दोन्ही वाढलेलेच राहिले, तर उरलेले यकृत अपुरे पडत असल्याची ती खूण मानली जाते. शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी होण्याची २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय व्याख्याही हेच सांगते. रुग्ण गावी परतल्यावर पुढील तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणीच होतात, आणि तिथल्या डॉक्टरांपुढे शस्त्रक्रियेपूर्वीचे आकडे नसतील तर आताचा आकडा चढता आहे की उतरता, हे त्यांना ठरवता येत नाही.

म्हणून शासनाला विनंती आहे की मराठवाड्यातील उपजिल्हा रुग्णालयांत आयएनआरची तपासणी खात्रीने उपलब्ध असावी, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर आणि प्लेटलेट या चार तपासण्यांचे तारीखवार आकडे व प्रयोगशाळेचे नाव असलेला एक कागद द्यावा. तोच कागद परतताना मोठ्या रुग्णालयाने पुढे भरून द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लातूर